घरात दोन कूलर, तरी प्रोसेसर शंभरवर : दर्यापूरकडच्या एका गेमिंग पीसीची पूर्ण केस

केस माझ्या भाच्याच्या पीसीची आहे. गाव दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं, काळी जमीन, विहिरीचं पाणी खारट, अन मे महिन्यात दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही असं गाव. माझं तालुक्याला झेरॉक्स अन ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, सोबत कंप्युटर दुरुस्ती करतो, म्हणून नातेवाइकांत जिथे कुठे स्क्रीन काळी पडली तिथे पहिला फोन मलाच. या केसमध्ये मी स्वतः दोनदा चुकलो, तेही लिहितो, कारण चुकलो नसतो तर ही केस एका दुपारी संपली असती अन लिहायला काही उरलंच नसतं.

पीसी मागच्या दिवाळीत घेतलेला. आय५-१०४००एफ, म्हणजे इंटेलचा २०२० चा दहाव्या पिढीतला सहा कोअर बारा थ्रेडवाला प्रोसेसर, सोबत जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, सोळा जीबी रॅम, अन समोरून पूर्ण काच असलेलं कॅबिनेट ज्यात तीन रंगीत पंखे फिरतात. प्रोसेसर बॉक्सपॅक होता अन त्याच्यासोबत आलेलाच छोटा गोल कूलर, म्हणजे अॅल्युमिनियमचा गोळा अन त्याच्यावर पंखा, लावलेला. शहरातल्या एका दुकानातून असेंबल करून गाडीत मांडीवर घेऊन आणला, कारण भाऊजींचा रस्त्यावर भरोसा नव्हता.

मार्चपर्यंत सगळं बरं चाललं. मग फोन सुरू झाले.

"मामा, गेम अटकून अटकून चालून रायला. पहिले पाच मिनिटं बरा चालते, मंग बैलगाडी."

मी विचारलं टेंपरेचर किती दाखवते, तर म्हणे अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, कधी शंभर. मागून भाऊजींचा आवाज, "अरे मानसं भाजून रायले इथं, कंप्युटर काय चीज हाये." अन खरं सांगतो, मलाही ते पटलं. एप्रिल होता, बाहेर ४३ होतं, माझ्या दुकानातला प्रिंटर पण दुपारी कागद अडकवत होता. मी म्हटलं साइडची पॅनल उघडी ठेव, संध्याकाळी खेळ. ही माझी पहिली चूक, अन ती करायला घरून उठावंसुद्धा लागलं नाही.

आता मधल्यामध्ये एक गोष्ट सांगून टाकतो नाहीतर पुढचं समजणार नाही. या प्रोसेसरला इंटेलने जी वरची मर्यादा दिली आहे ती १०० डिग्री. तिथे पोचला की तो जळत नाही, स्वतःच स्पीड खाली आणतो, ४.० गिगाहर्ट्झवर चालणारा मग २.६, २.४ असा उतरतो, अन गेम अडखळायला लागतो. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणजे "बैलगाडी" हा शब्द पोट्ट्याने एकदम बरोबर वापरला होता. पण तो अजून एक तक्रार करत होता, की कधी कधी पीसी धाडकन बंदच पडतो. मी दोन्ही एकाच खात्यात टाकलं, गरम होतो म्हणून अटकतो अन जास्त गरम झाला की बंद पडतो. दिसायला बरोबर. निघालं वेगळंच, ते पुढे.

मेच्या पहिल्या आठवड्यात एका लग्नाला तिकडेच जायचं होतं तर बॅग घेऊन गेलो. पीसी ठेवलाय समोरच्या खोलीत, अन त्याच खोलीत अर्ध्या उंचीपर्यंत कापूस. आबाजींनी या वर्षी कापूस विकलाच नाही, भाव वाढन म्हणून थांबले, अन आमच्याकडे कापूस थांबवायचा म्हणजे गोडाऊन वगैरे नाही, घरातलीच एक खोली भरायची, पोरांनी त्याच्यावर उड्या मारायच्या अन रात्री खाजवत बसायचं. टेबल कापसाच्या ढिगापासून चार हात. टेबलाला खाली सीपीयूचा कप्पा, कप्पा तिन्ही बाजूंनी बंद, त्यात ते काचेचं कॅबिनेट घट्ट बसवलेलं.

मी पॅनल उघडली अन हसूच आलं. कूलरच्या पंख्याखाली, पात्यांच्या अन अॅल्युमिनियमच्या फटींच्या मध्ये, पांढऱ्या तंतूंची अक्षरशः गादी बसली होती. साध्या घरातली धूळ राखाडी असते, भुसभुशीत असते, फुंकली की उडते. कापसाचा तंतू तसा नाही, तो फटीत अडकतो, दुसऱ्याला धरतो, मग त्याच्यावर धूळ बसते अन नमद्यासारखा थर तयार होतो. चिमट्याने एक टोक धरून ओढलं तर पूर्ण गोल चकतीच निघून आली, भाकरीएवढी नाही पण पुरीएवढी नक्की. ताईने ती हातात घेऊन सांगितलं, "याची तं वात होईन देवाची."

म्हटलं सापडला चोर. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलं, ब्रशने झाडलं, सायकलच्या हातपंपाने हवा मारली. पातं धरायचं कारण हवेच्या जोराने पंखा भन्नाट फिरतो अन त्याची बेअरिंग जाते. भाच्याने आधी एकदा पीसी पंक्चरच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारून आणली होती म्हणे, मी कपाळाला हात लावला, त्या टाकीत पाणी जमा होते अन हवेसोबत थेंब येतात, ट्रॅक्टरच्या टायरला चालते, मदरबोर्डला नाही. नशीब त्याचं.

साफ केलं, लावलं, गेम सुरू केला, ९५ वर थांबला. आधी १०० होता, म्हटलं झालं काम, संध्याकाळची वेळ होती, जेवायला बोलवत होते, मी लग्नघरी निघून गेलो. दुसरी चूक. चार-पाच डिग्री उतरली ती मी घेतली अन ९५ म्हणजे अजूनही आजारीच आहे हे पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, "मामा, पुन्हा शंभर."

यावेळी मात्र डोकं थोडं ठिकाणावर आणलं. खरं म्हणजे एका व्हिडिओने आणलं. भाच्याला म्हटलं तुझ्याकडे जुनं काही रेकॉर्डिंग आहे का, नवीन पीसी आला तेव्हाचं. पोट्टे दाखवायला रेकॉर्ड करतातच. त्याने व्हॉट्सअॅपवर डिसेंबरमधली एक क्लिप पाठवली, मित्रांना पाठवलेली, कोपऱ्यात एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा, अन टेंपरेचर. एफपीएस मस्त, गेम लोण्यासारखा. अन सीपीयू ९२.

डिसेंबरमध्ये. रात्री. ज्या दिवसांत आमच्याकडे पोरं स्वेटर घालून शेकोटीपाशी बसतात, खोलीत १८ च्या आसपास असते.

तिथे उन्हाळ्याची गोष्ट संपली. कारण हिशेब करा. पंख्याचा कूलर लावलेला प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा किती वर जातो हा खरा आकडा, नुसता स्क्रीनवरचा नाही. डिसेंबरमध्ये १८ ची खोली अन ९२ चा प्रोसेसर, फरक ७४. मेमध्ये खोली ३७, त्यात ७४ मिळवा, १११ येतात, पण १०० च्या वर तो जाऊच देत नाही म्हणून स्पीड कापतो. म्हणजे आजार दिवाळीपासूनच तेवढाच होता, थंडीने झाकून ठेवला होता, अन उन्हाने फक्त उघडा पाडला. या प्रोसेसरला असा साधा कूलर असला तरी गेममध्ये खोलीपेक्षा ४० ते ४५ वर असायला पाहिजे. आमच्या इकडे सगळ्याच गोष्टींचं खापर उन्हावर फोडायची सवय आहे, बॅटरी गेली ऊन, टायर फुटलं ऊन, अन बरेचदा ते खरंही असते, म्हणून तर कोणी पुढे तपासत नाही.

रविवारी दुकान बंद ठेवून पुन्हा गेलो. सोबत दोनशे रुपयांचं खोलीचं थर्मामीटर, प्रोसेसर अन कूलरच्या मध्ये लावायची थर्मल पेस्ट, ती पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, चष्म्याचं फडकं. पेस्ट अन अल्कोहोल दोन्ही ऑनलाइन मागवलं, गावात मिळत नाही. मेडिकलमधलं स्पिरिट चालते का असं भाच्याने विचारलं, काही स्पिरिटमध्ये तेल मिसळलेलं असते ते मागे राहते, म्हणून नको म्हटलं. अन त्याच्या एका मित्राने टूथपेस्ट लावायला सांगितली होती, तिच्यातलं पाणी प्रोसेसरच्या गरमीने काही दिवसांत उडून जाते अन मागे खडू राहतो, ते एक बरं झालं की याने ऐकलं नाही.

काहीच न उघडता आधी मोजलं. खोलीत ३६. पीसी नुसता सुरू, काही चालू नाही, दहा मिनिटं झाली, ६१. म्हणजे बसल्या बसल्या २५ वर, जे १० ते १५ असायला पाहिजे. मग टेंपरेचर दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून, प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारं सिनेबेंच सुरू केलं अन नजर आकड्यावर ठेवली. ६१, अन पुढचा आकडा ९७. मध्ये काही नाही. दोन सेकंदांत शंभर.

इथेच अर्धं निदान होऊन जाते बघा. हवा खेळत नसली, धूळ असली, कॅबिनेट बंद असलं तर टेंपरेचर हळूहळू चढते, कारण आधी तो अॅल्युमिनियमचा गोळा तापावा लागतो, मग त्याच्या आजूबाजूची हवा, त्याला मिनिटं लागतात. डोळ्याची पापणी लवायच्या आत शंभर झाला म्हणजे गरमी गोळ्यापर्यंत पोचतच नाही, प्रोसेसर एकटाच तापून रायला. चुलीवर तवा ठेवला अन तव्याखाली एका बाजूला दगड आला तर जाळ कितीही असो, भाकर कच्चीच.

खात्री करायला भाच्याला म्हटलं, पंख्याच्या पात्यांपासून जपून बाहेरच्या कडेने कूलरच्या धातूला बोट लाव. तो घाबरला, स्क्रीनवर शंभर लिहिलेलं. मीच लावलं. कोमट. चहा अर्धा तास ठेवून विसरलो तर जेवढा राहील तेवढा कोमट. अन पंखा जीव तोडून फिरून रायला, हवाही थंडच बाहेर फेकते. प्रोसेसर शंभर अन त्याच्यावर बसलेला धातू कोमट, म्हणजे दोघांची भेटच नाही. सहा कोअरचे आकडे वेगवेगळे पाहिले तर त्यातही एका बाजूचे कोअर बाकीच्यांपेक्षा आठ-नऊ डिग्री वर.

प्लग काढला, कॅबिनेट आडवं केलं. इंटेलच्या या कूलरला स्क्रू नसतात, चार कोपऱ्यांना चार प्लास्टिकच्या पिना असतात. प्रत्येक पिनेचं खालचं टोक पांढरं, मधोमध चिरलेलं, ते मदरबोर्डच्या भोकातून आरपार जाते, अन वरून काळी काडी दाबली की ती त्या चिरेत घुसून दोन्ही पाय फाकवते, टक असा आवाज येतो, झालं लॉक. वर जो बाण कोरलेला असतो तो काढायच्या दिशेचा असतो, यात भलेभले फसतात, बाणाकडे फिरवून दाबतात अन मग पीन बसल्यासारखी वाटते पण लॉक होत नाही.

वरून पाहिलं तर चारही पिना दाबलेल्या दिसत होत्या. दुकानदारालाही तशाच दिसल्या असतील, अन पहिल्या वेळी मलाही दिसल्या होत्या. मग मागची पॅनल उघडून मोबाइलचा टॉर्च मारला. तीन भोकांतून पांढरे पाय फाकलेले अन मध्ये काळं टोक बाहेर आलेलं. चौथ्या भोकात, रॅमच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात, पांढऱ्याचा एकच पाय बाहेर. दुसरा पाय भोकात शिरलाच नव्हता, वरच मुडपून बसला होता.

कूलर उचलला. आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते हे. बॉक्समधल्या कूलरच्या तळाला कंपनीतूनच राखाडी पेस्टच्या तीन पट्ट्या लावून येतात. नीट बसला की दाबाने त्या पसरतात अन पूर्ण प्रोसेसरवर पातळ थर होतो, पट्ट्या ओळखूही येत नाहीत. इथे खालच्या डाव्या कोपऱ्याकडे पेस्ट इतकी पातळ झाली होती की खालचा धातू दिसत होता, अन तिथून तिरपं वर जाता जाता थर जाड होत गेला होता, अन त्या चौथ्या पिनेच्या कोपऱ्यात पट्टीचं टोक जसंच्या तसं. गोल कडा, वरची साच्याची बारीक रेघ सुद्धा तशीच. त्याच्यावर कापसाचा एक तंतू चिकटलेला. म्हणजे त्या जागी कूलर अन प्रोसेसर एकमेकांना सहा महिन्यांत एकदाही लागले नव्हते.

भाऊजी शेजारीच खुर्चीवर बसून पाहत होते. म्हणे, "रस्त्यानं हादरून निसटलं असन. त्या रोडनं मानसाची कंबर निसटते." मी म्हटलं नाही, हादरून सुटलं असतं तर आधी दबलेल्या पेस्टचे डाग दिसले असते, ताणलेले, तुटलेले. ही पट्टी कधी दबलीच नाही. पहिल्या दिवशी बसवतानाच तीन पिना बसल्या, चौथीचा पाय वाकला, अन वरून सगळं सारखं दिसलं म्हणून पुढचं काम झालं. दुकानदाराशी भांडायला जायचं का यावर घरात अर्धा तास चर्चा झाली, मग सहा महिने झाले आता कोण ऐकते म्हणून सोडून दिलं. मला वाटते फोन तरी करायला हवा होता, पण माझं घर नाही.

पुसायची वेळ आली तर ताईने मूठभर कापूस आणून दिला, घरात वीस क्विंटल आहे, घे जेवढा लागन तेवढा. अन नेमका तोच चालत नाही, तंतू सोडतो. चष्म्याच्या फडक्याला अल्कोहोल लावून प्रोसेसर अन कूलरचा तळ दोन्ही आरशासारखे केले. मुडपलेला पाय नखाने हळूच सरळ केला, प्लास्टिक जिथे वाकलं होतं तिथे पांढरी रेघ पडलेली, म्हणजे हे फार दिवस टिकणार नाही हे तेव्हाच कळलं. पेस्ट मधोमध हरभऱ्याच्या दाण्याएवढी, बस. जास्त लावली म्हणजे जास्त थंड असं काही नसते, पेस्ट ही धातूपेक्षा वाईटच उष्णता नेते, तिचं काम फक्त दोन धातूंमधल्या बारीक फटीतली हवा हटवणं.

मदरबोर्ड कॅबिनेटमधून पूर्ण बाहेर काढून टेबलावर घेतला, आतल्या आत दाबलं की बोर्ड लवतो अन दाब नीट बसत नाही. चारही पिना बाणाच्या उलट फिरवून तयार केल्या, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने, आधी एक जोडी, मग दुसरी. टक, टक, टक, अन चौथ्याला थोडा जोर लावून टक. उलटा करून चारही भोकं टॉर्चने पाहिली. भाच्यालाही पाहायला लावलं.

पुन्हा तेच मोजमाप, खोली ३७. काही न करता ४९. सिनेबेंच सुरू केलं, एकदम ६६ वर उडी, मग ७०, ७४, असं पायरी पायरीने चढत चार मिनिटांनी ९३ वर स्थिर. गेममध्ये अर्धा तास, ८२. कूलरच्या धातूला बोट लावलं तर पटकन मागे घ्यावं लागलं, अन हे चांगलं लक्षण, आता गरमी तिथे पोचते. खोलीपेक्षा फरक ७४ वरून ४५ वर. स्पीड पूर्ण वेळ ४.० च्या आसपास.

उरलेलं पटपट सांगतो. सिनेबेंचमधले ९३ मला आवडले नव्हते तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये गेलो. हा प्रोसेसर कागदावर ६५ वॉटचा, थोड्या वेळासाठी, २८ सेकंद, १३४ वॉटपर्यंत जाऊ शकतो असं इंटेलचं म्हणणं, पण मदरबोर्डवाले बरेचदा ही मर्यादा काढूनच टाकतात, इथे दोन्ही जागी ४०९५ लिहिलेलं होतं, म्हणजे मर्यादाच नाही. एचडब्ल्यूइन्फोत प्रोसेसर ८० वॉटच्या आसपास खात होता. जास्त वेळ चालायची मर्यादा ६५ वॉट केली. गेममध्ये एफपीएसचा फरक नावापुरता, कारण गेम सहाही कोअर पूर्ण पिळत नाही, अन सिनेबेंचमध्ये ९३ चे ८४ झाले. मग पीसी त्या बंद कप्प्यातून काढून लाकडी पाटावर मोकळा ठेवला, समोरच्या काचेच्या अन बॉडीच्या मध्ये हवा घ्यायला जेमतेम बोटभर फट होती तर भाच्याने स्वतःच ती काच काढून तिथे मच्छरदाणीची जाळी चुंबकाने लावली. दिसायला गबाळं, पण अजून चार डिग्री. गेममध्ये आता ७८.

कूलरवरून मात्र रामायण झालं. मी म्हटलं ही चौथी पीन आज बसली पण भरोशाची नाही, दीड-दोन हजारांत मागून लोखंडी पट्टी अन स्क्रूने कसता येईल असा टॉवर कूलर घेऊन टाका. भाऊजी म्हणे, "अजून कूलर कायले? दोन कूलर हायेत नं घरात." त्यांना वाटलं मी पीसीसाठी वेगळा पाण्याचा कूलर सांगून रायलो. ते समजावल्यावर त्यांचा पुढचा मुद्दा मात्र रास्त होता, की मग घरातलाच कूलर पीसीकडे तोंड करून लावला तर. आमच्या इकडची हवा मेमध्ये इतकी कोरडी की पाण्याचा कूलर खोली खरोखर दहा-बारा डिग्री उतरवतो, अन खोली उतरली की प्रोसेसरही तेवढाच उतरतो, म्हणून खोलीत कूलर हवाच. पण तोंड सरळ पीसीवर नको. त्याच्या हवेत बारीक तुषार असतात अन आमचं पाणी खारं, कूलरच्या गवतावर महिन्याभरात पांढरा थर जमतो तो त्यांनीच मला दाखवला, तोच थर मदरबोर्डच्या बारीक टाक्यांवर बसला तर काय होईल विचार करा. तोंड फिरवून भिंतीकडे केलं, खोली तेवढीच थंड होते.

आता ते धाडकन बंद पडणं. कूलर नीट बसवल्यावर मी निर्धास्त होऊन निघालो होतो, अन तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा बंद. टेंपरेचरची नोंद फाइलमध्ये ठेवायला लावली होती तर शेवटची ओळ पाहिली, ७६. म्हणजे गरमीचा संबंधच नाही. अन मग मागचं आठवलं, शंभरवर असताना तर तो स्पीड कापून कापून जिवंत राहत होता, बंद नव्हता पडत. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नल-पॉवर ४१ च्या ओळी, त्या फक्त एवढंच सांगतात की पीसी नीट शटडाऊन न होता गेला, का गेला ते नाही. पण त्यांच्यासमोर वेळ असते. मी भाच्याला सगळ्या वेळा कागदावर उतरवायला लावल्या, तर एक सोडून सगळ्या संध्याकाळी साडेसहा ते आठमधल्या. ताईने कागद पाहिला अन एका मिनिटात निदान केलं, "ही तं चक्कीची टाइम हाये." शेजारी पिठाची गिरणी, दिवसभर बंद, संध्याकाळी बाया दळण घेऊन येतात, मोटर सुरू झाली की यांच्या घरातले बल्ब पिवळे पडतात हे त्यांना वर्षानुवर्षं माहीत. यूपीएस होता, पण तो माझ्याच दुकानातून दिलेला जुना, त्याची बॅटरी मेलेली, व्होल्टेज पडलं की यूपीएस बॅटरीवर जायला जाते अन बॅटरीत काही नसतेच. १२ व्होल्ट ७ एएचची नवीन बॅटरी टाकली, पैसे मीच दिले, द्यावेच लागले. त्यानंतर चक्की सुरू झाली की यूपीएस टिक करतो अन गेम चालू राहतो.

टॉवर कूलर जूनच्या सुरुवातीला आला. जुना काढताना चौथी पीन हातातच आली, पांढऱ्या रेघेवरच तुटली. नवीन लावल्यावर खोली ३५ असताना गेममध्ये ६८.

कापूस अजून घरातच आहे. भाव आला नाही. जाळीवर आठ दिवसांत पांढरी मिशी उगवते, ती भाचा रविवारी ब्रशने काढतो, अन ताई ती चकती देवघरात ठेवून देते.